मुलाचा थकवा उतरत नसेल तर आधीचे दोन दिवस तपासा

खेळून दमलेलं मूल रात्रभर झोपलं की सकाळी पुन्हा धावायला तयार होतं. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये (एमई/सीएफएस), म्हणजे दीर्घकाळ न उतरणाऱ्या थकव्याच्या आजारात, नेमकं हेच होत नाही. दहा तास झोपूनही अंग जड राहतं आणि थोड्या श्रमाने सगळीच लक्षणं उसळतात. ही श्रमानंतरची घसरण या आजाराची मुख्य खूण. ती बहुधा 12 ते 48 तासांनी येते, म्हणूनच नजरेतून सुटते. शनिवारी वाढदिवसाला हसतखेळत गेलेलं मूल सोमवारी अंथरुणातून उठत नाही आणि घरातले म्हणतात, शाळा बुडवायचं निमित्त!

म्हणून आधी वही घाला. दोन-तीन आठवडे रोज झोप किती, काय काय केलं आणि किती मिनिटं, सकाळ-संध्याकाळची ताकद 0 ते 10 मध्ये किती, दुखतंय काय, एवढं लिहा. आंघोळ, गृहपाठ, मोबाइल, पाहुण्यांशी गप्पा हेही श्रमच. तेच लिहायचे राहतात. मग प्रत्येक वाईट दिवसापासून दोन दिवस मागे जाऊन काय झालं होतं ते पाहा.

लहान मुलं ‘थकलो’ म्हणत नाहीत. ती खेळ अर्धवट सोडून बसतात, उचलून घ्या म्हणतात, डोकं किंवा पोट दुखतं म्हणतात. मोठी मुलं तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतात, त्यांना शब्द आठवत नाहीत, उजेड आणि आवाज सोसत नाही.

उभं राहिल्यावर चक्कर येते का, हेही बघा. किशोरवयीन मुलाला 10 मिनिटं शांत आडवं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. मग भिंतीला पाठ टेकवून 10 मिनिटं उभं करा आणि दर दोन मिनिटांनी मोजा. ठोके 40 किंवा जास्त वाढून तसेच राहिले, तर आकडे डॉक्टरांना दाखवा. शेजारीच थांबा, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच आडवं करा.

शाळेची भीती असलेलं मूल बहुतेक वेळा सुट्टीत खुलतं. या आजारात सुट्टीतही घसरण चुकत नाही. नैराश्यात कशातच रस उरत नाही. इथे मुलाला खूप काही करायचं असतं, शरीर साथ देत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून मनाचीही विचारपूस करा.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या 2021 च्या सूचनांनुसार लक्षणं चार आठवडे टिकली की मुलांमध्ये संशय घ्यावा आणि तीन महिने टिकली की निदान पक्कं करावं. हा आजार दाखवणारी एकच रक्तचाचणी नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, साखर, यकृत, मूत्रपिंड, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) यांच्या तपासण्या दुसरी कारणं वगळण्यासाठी असतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे मूल ढोंग करतंय, असं अजिबात नाही.

वजन घटणं, लांबलेला ताप, सुजलेले सांधे किंवा गाठी, पळताना बेशुद्ध पडणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा: यांपैकी काहीही दिसलं तर वहीसाठी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

निदान होईपर्यंत ‘थोडं पळ, बरं वाटेल’ म्हणून रेटू नका. ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार नाइसने याच 2021 च्या सूचनांत नाकारला आहे. मूल दमण्याआधीच काम थांबवा आणि वहीत घसरणी कमी होतात का ते पाहा.