दर्याकाठी राहून नाक कोरडं

घर वेंगुर्ल्यात, खिडकीतून सतत खारा वारा. तरी बाबा (वय 76) सकाळी उठले की म्हणायचे, "नाकात रेव भरल्यासारखी वाटता." एकदा उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसले आणि मी घाबरलो. घरचा उपाय ठरलेला, खोबरेलाचे दोन थेंब. डॉक्टरांनी आधी तोच बंद केला. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं, म्हणाले.

वयाबरोबर नाकातलं अस्तर पातळ होतं, ओलावा घटतो. त्यात आंबा मोहरल्यापासून शिंकांसाठी रोज अ‍ॅलर्जीची गोळी. तीही नाक सुकवते. वर टेबलफॅन थेट तोंडावर! गोळी डॉक्टरांनी बदलली, पंखा मी भिंतीकडे वळवला.

आता दिवसातून तीन-चार वेळा सलाइनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा, स्प्रे, झोपताना नाकपुडीच्या आतल्या कडेला औषधाच्या दुकानातलं जेल, तेही तेलकट नसलेलं. खपली नखाने काढू नका, यावरून मात्र अजून रोज वाद. रक्त आलंच तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं न सोडता दाबायचा.

पंधरवड्यात अभ्रे स्वच्छ राहू लागले. खोबरेल आता केसांना लावा म्हटलं, तर टकलावरून हात फिरवत म्हणाले, "केस खंय रवले?"