साध्या पँटची बेलबॉटम: कळी कशी लावावी

टेलरला नुसतं 'बेलबॉटम' सांगितलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही. १९व्या शतकात ही खलाशांची पँट होती. १९७०च्या दशकात आपल्याकडे ती बेलबॉटम म्हणून मिरवली, पुढे बेताच्या घेराची 'बूटकट' आली आणि आज नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) तीच 'फ्लेअर' म्हणून टांगलेली दिसते. नावं सोडा, दोन मापं सांगा: गुडघ्याचा घेर आणि मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाचा घेर. मोहरी ३-४ इंच जास्त असेल तर बूटकट, ७-८ इंच जास्त असेल तर बेलबॉटम. माप गोल की सपाट तेही बोलून घ्या. सपाट १२ म्हणजे गोल २४.

समजा गुडघा १७ आणि मोहरी १६ आहे. ती २४ करायची तर ८ इंच वाढवावे लागतील. हे आठही इंच बाहेरच्या शिवणीत घातले तर पाय एका अंगाला फेंगडा दिसतो. म्हणून दोन्ही शिवणींत ४-४ इंचांच्या कळ्या (कापडाचे त्रिकोणी तुकडे), दोन्ही पायांच्या मिळून चार. जीन्सची आतली शिवण बहुधा दुहेरी दुमडीची असते, ती उसवणं म्हणजे डोकेदुखी. तिथे बाहेरूनच लावा, पण ६ इंचांवर जाऊ नका.

कापड अर्धा मीटर पुरतं. गांधीबागेच्या कापडबाजारात जाताना पँट सोबत न्या, निळ्याला निळा आठवणीने जुळत नाही. सुती कापड कापण्याआधी धुवाच. नंतर आटलं तर कळीचं टोक चुण्या धरतं.

उभं राहून गुडघ्याच्या वाटीवर खडूची खूण करा आणि तिथपर्यंत दोन्ही शिवणी उसवा. कळीची उंची खुणेपासून मोहरीपर्यंत, खालची रुंदी ४ इंच. दोन्ही तिरप्या बाजूंनी अर्धा इंच दाब (शिवणीसाठी जादा कापड) सोडा, खाली दुमडीपुरता. उभा धागा (कापडाच्या किनारीला समांतर जाणारा) कळीच्या मधोमध यायला हवा. तो एका कडेला गेला तर दुसरी कड जास्त तिरपी होते, ताणते आणि कळी पिळते. कॉर्डरॉय असेल तर चारही कळ्या एकाच दिशेने कापा, उलटसुलट नाही. रंग वेगळा दिसतो.

खरी परीक्षा टोकाची. टाचण्या लावून आधी कच्चा टाका घाला. मशीन टोकापासून खाली चालवा, म्हणजे ताणलेलं कापड मोहरीपाशी निघतं आणि तिथे कापून टाकता येतं. सुई नेमकी खुणेवर उतरवा. एक टाका वर गेला तरी चुणी पडते, खाली राहिला तर भोक.

दुमड लगेच घालू नका. तिरप्या कडा लोंबतात, म्हणून पँट रात्रभर कमरेकडून टांगून ठेवा आणि मग मोहरी सारखी करा. दुमड पाऊण इंचाचीच. रुंद घातली तर खालची मोठी कड वरच्या लहान घेरात मावत नाही, झोल येतो.

लांबी नेहमीचे बूट घालूनच ठरवा: मागे जमिनीपासून अर्धा इंच वर. पावसाळ्यात वापरायची असेल तर एक इंच. सत्तरच्या दशकात कड झिजू नये म्हणून मोहरीला खालून चेन (झिप) शिवत. आता टाचेच्या बाजूला आतून चार इंचांची जाड सुती पट्टी लावली तरी भागतं.