जर्मनीतील घराचे दार: आधी सिलिंडर, मग स्मार्ट कुलूप

जर्मनीत नव्याने भाड्याचे घर घेतलेल्या आपल्या मंडळींकडून ‘स्मार्ट कुलूप कोणते घ्यावे’ हा प्रश्न हल्ली वारंवार येतो आणि दर वेळी मी त्यांना आधी स्वतःच्या दाराकडे नीट पाहण्यास सांगतो. येथील बहुतेक सदनिकांच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता न फिरणारा गोळा असतो. त्यामुळे दार ओढले गेले की किल्लीशिवाय आत जाता येत नाही. लॅचच्या दाराची सवय असलेल्या पुणेकर-मुंबईकरांना यात नवे काही नाही, परंतु तेथे शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली ठेवलेली असते, आणि येथे पहिल्या महिन्यात शेजाऱ्याचे नावदेखील घंटीजवळच्या पाटीवरूनच वाचावे लागते.

स्टुटगार्टमधील माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी सपाता घालून कचरा टाकायला खाली गेलो आणि मागे वाऱ्याने दार लागले. शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलावलेल्या कुलूपवाल्याने प्लास्टिकचा एक वाकवलेला पत्रा दार आणि चौकट यांच्या फटीत सरकवून अर्ध्या मिनिटात दार उघडले आणि रविवारच्या दराने 290 युरो घेतले. पैशांपेक्षा ते अर्धे मिनिट माझ्या अधिक लक्षात राहिले आहे. नुसते ओढून घेतलेले दार केवळ तिरप्या जिभेवर अडलेले असते आणि ती जीभ जाणकाराला सहज मागे सारता येते. किल्लीचे दोन वेढे दिल्यावर जो चौकोनी दांडा चौकटीत शिरतो, तेच खरे कुलूप. आपण बाहेर पडल्यावर हे दोन वेढे न विसरता देणे, हा स्मार्ट कुलपाचा माझ्या मते सर्वांत मोठा उपयोग आहे. फोनने दार उघडण्याची गंमत त्यानंतर येते.

येथे भाडेकरू सहसा जी स्मार्ट कुलुपे बसवतात, उदाहरणार्थ ऑस्ट्रियातील ग्राझ येथील नुकी कंपनीचे, ती खरे तर कुलुपे नसून दाराच्या आतल्या बाजूला बसणारी मोटर असते. तुमचीच एक किल्ली आतून सिलिंडरमध्ये, म्हणजे कुलपाच्या किल्ली घालण्याच्या आणि बदलता येणाऱ्या भागात, कायमची राहते आणि मोटर ती फिरवते. दाराला भोक पाडावे लागत नाही, बाहेरून काही बदललेले दिसत नाही, आणि घरमालकाशी वाद होण्याचे कारणही त्यामुळे बरेच कमी होते. मात्र किल्ली आत अडकलेली असताना बाहेरून दुसरी किल्ली चालेल की नाही, हे सर्वस्वी सिलिंडरवर अवलंबून असते. त्याची परीक्षा दार उघडे ठेवूनच करावी: एक किल्ली आतून घालून किंचित फिरवून ठेवावी आणि दुसरी बाहेरून घालून पाहावी. ती पूर्ण आत जाऊन फिरली, तर सिलिंडर योग्य आहे. अर्ध्यावर अडली, तर बॅटरी संपल्याच्या दिवशी हातात किल्ली असूनही तुम्ही जिन्यात उभे राहाल. असा सिलिंडर विकत घेताना दुकानात ‘नोट-उंड-गेफारेनफुंक्त्सिओन’ हा शब्द सांगावा.

नवा सिलिंडर घ्यायचा असेल तर माप अचूक हवे. दाराच्या कडेवरील धातूच्या पट्टीत, सिलिंडरच्या पातळीवर, एक लांब स्क्रू असतो. त्याच्या मध्यापासून बाहेरच्या आणि आतल्या टोकापर्यंतची अंतरे वेगवेगळी मोजावीत, जसे 35 आणि 40 मिलिमीटर. बाहेरच्या बाजूस सिलिंडर संरक्षक पट्टीपुढे 3 मिलिमीटरपेक्षा अधिक येऊ नये, कारण पुढे आलेले टोक पकडीत धरून चोर तो स्क्रूच्या भोकापाशी, म्हणजे त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी, मोडू शकतो. जुना सिलिंडर काढताना स्क्रू काढून किल्ली थोडी फिरवावी लागते. आतले फिरते पाते सिलिंडरच्या अंगाशी जुळले की तो अलगद बाहेर येतो.

तुमचीच किल्ली इमारतीचे मुख्य दार आणि तळघरही उघडत असेल, तर तो सिलिंडर संपूर्ण इमारतीच्या सामाईक व्यवस्थेचा भाग असतो आणि घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला हात लावू नये. अशी एक किल्ली हरवल्यास अनेक सिलिंडर बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून ‘हाफ्टफ्लिख्ट’ विम्यात, म्हणजे आपल्या हातून इतरांचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्यात, परक्या किल्ल्या हरवण्याची तरतूद आहे का, हे आजच पाहावे. काही दारांना कुलूप लावण्याआधी मूठ वर उचलावी लागते. तेथे मोटर स्वतःहून दार बंद करू शकत नाही आणि पैसे वाया जातात.

नेटवरील सुरक्षेबाबत थोडक्यात सांगतो. कुलपाच्या ॲपच्या खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खात्री) लावावी, दुरून दार उघडण्याची सोय गरज नसल्यास बंदच ठेवावी आणि खरेदीपूर्वी माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट या संस्थेचे चाचणी अहवाल पाहावेत. इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या बिनतारी उपकरणांसाठी युरोपीय संघाचे सायबर सुरक्षेचे नियम 1 ऑगस्ट 2025 पासून लागू झाले आहेत, त्यामुळे कुठल्यातरी संकेतस्थळावरचे बिननावाचे स्वस्त कुलूप मागवण्याचा मोह टाळावा. घरातील सामानाचा विमा असेल तर असे कुलूप चालेल का, हे कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे, कारण मोडतोडीच्या खुणांशिवाय झालेली चोरी सिद्ध करणे अवघड जाते.

भारतातून आईवडील तीन महिन्यांसाठी येणार असतील, तर आकड्यांचा कीपॅड अवश्य घ्यावा. माझ्या आईचे बोटांचे ठसे, आयुष्यभर भांडी घासून पुसट झाल्यामुळे असेल, यंत्र चारपैकी एकदाच ओळखत असे. सहा आकडी कोड मात्र तिने पहिल्याच दिवशी पाठ केला. धातूची एक किल्ली तरीही त्याच शहरातील विश्वासू मित्राकडे ठेवावी.

काढलेला मूळ सिलिंडर त्याच्या स्क्रूसह पिशवीत घालून भाडेकराराच्या कागदांजवळ ठेवावा. घर सोडताना तो परत बसवावा, कुलूप खात्यातून काढून मूळ स्थितीत आणावे आणि घर ताब्यात मिळताना लिहून दिलेल्या संख्येशी किल्ल्या घरमालकासमोरच मोजाव्यात.