गालिचा घेताय? रंग नंतर बघा, आधी धागा कसला ते विचारा

पहिला गालिचा घेतला तेव्हा मी फक्त रंग बघितला होता. दुकानदार म्हणाला, "बांबू सिल्क आहे ताई, हात लावून बघा", हात लावला तर लोण्यासारखा मऊ, लगेच घेऊन आले. महिनाभरात त्यावर चहा सांडला, मी आपलं ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं आणि वाळल्यावर बघते तर पिवळट डाग आणि तिथले धागे सगळे चिकटून बसलेले. मग कळलं की बांबू सिल्क, आर्ट सिल्क ही व्हिस्कोसची, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याची, लाडाची नावं आहेत, रेशमाशी काही संबंध नाही, आणि व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणजे घासायचंच नाही. ज्या हॉलमध्ये पोरं आणि चहा दोन्ही आहेत तिथे हा प्रकार अजिबात नको.

परदेशी सल्ले वाचले तर सगळे म्हणतात नायलॉन घ्या, टिकतो. खरंय, सिंथेटिकमध्ये तोच सगळ्यात दणकट, दाबला तरी परत उभा राहतो, आणि तिकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, त्यावर बूट घालून चालतात, त्यांना ते बरोबर आहे. आपण चपला दाराबाहेर काढतो. आपल्याकडे गालिचा झिजून नाही जात, ओला राहून जातो. रोज लादी पुसताना कडा भिजतात, त्यात जुलैमधली मुंबई किंवा कोकण, काहीच वाळत नाही. शिवाय नायलॉनला रंग पटकन चढतो, कारखान्यातला पण आणि फोडणीतला पण.

हळदीचं सांगते. डाग पडला की आपण साबण घेऊन धावतो आणि डाग लाल होतो, घाबरू नका, हळदीला साबणातला खार लागला की ती लाल होतेच, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते असंच. आधी टिपून घ्या, थोडं साबणाचं पाणी लावून परत टिपा, आणि मग कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. पावसाळ्यात सांडली तर मात्र सोफा थोडा सरकवायचा, दुसरं काय.

म्हणून दमट गावात, हॉलसाठी, मी सरळ पॉलिप्रोपिलीन, म्हणजे एक प्रकारचा प्लास्टिकचा धागा, सांगते. तो पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि त्याचा रंग बहुतेक वेळा धागा बनवतानाच आत मिसळलेला असतो त्यामुळे हळद, चहा सहसा निघून जातं. पण तेल मात्र धरून ठेवतो, भज्याची प्लेट सांडली तर लगेच टिपून घ्या. आणि उष्णता बिलकुल चालत नाही, साधारण 160-165 डिग्रीला वितळतो, खाली बसून गालिच्यावर इस्त्री करायची सवय असेल तर विसरा, जड कपाट ओढलं तरी घासून चट्टा पडू शकतो. पॉलिएस्टर जास्त मऊ लागतो पण येण्याजाण्याच्या वाटेवर लवकर चपटा होतो, ते लांब केसांचे शॅगी तर वर्षभरात झोपलेल्या कुत्र्यासारखे दिसतात.

लोकर घ्यायची तर पुणे, नाशिकसारख्या कोरड्या हवेत घ्या. वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पिऊनही हाताला कोरडी लागते, ठिणगी पडली तर भडकत नाही, आणि उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा हाताने गाठी मारलेला गालिचा नीट वापरला तर पुढच्या पिढीला जातो. सुरुवातीला काही महिने केस गळतात, ते चालायचंच. खरी भीती कसरीची, ती सोफ्याखाली अंधारात लागते, म्हणून अधूनमधून उलटा करून झाडा, ऊन दाखवा. घेताना मागची बाजू बघायलाच पाहिजे. पुढची नक्षी मागे तशीच दिसली तर गाठींचा, मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता धागे टोचून गोंदाने बसवलेला, त्यातला गोंद काही वर्षांनी भुगा होऊन लादीवर पडतो. तोही "हँडमेड" म्हणूनच विकतात बरं का.

तागाचा गालिचा फोटोत छान दिसतो पण पाणी पडलं की तपकिरी डाग, पावसाळ्यात बुरशी. काथ्या दारातच ठीक. खरं सांगू का, बऱ्याच घरांना सुती सतरंजीच पुरते, स्वस्त पडते, घरी धुता येते, फक्त मे महिन्यातच धुवून घ्या कारण जुलैत धुतली तर चार दिवस कुबट वास. घेण्याआधी ओला पांढरा रुमाल घासून बघा, रुमालाला रंग लागला तर घेऊ नका, परत ठेवून द्या.

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कोपऱ्यातले दोनतीन धागे मागून घरी आणा. एक साध्या पाण्यात टाका आणि नीट बुडवून सोडा, परत वर आला तर पॉलिप्रोपिलीन, नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. दुसरा चिमट्यात धरून सिंकवर जाळा, सिंथेटिक असेल तर वितळून कडक मणी होतो, लोकर किंवा खरं रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. माझ्या त्या बांबू सिल्कचा धागा जाळला तेव्हा वहीचं पान जाळल्यासारखा वास आला होता.