सीएनसी राउटरवर देवनागरी पाटी: शिरोरेषा, स्टेन आणि रंग

सीएनसी राउटरने, म्हणजे संगणकाच्या फाइलप्रमाणे लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, रोमन अक्षरं कोरताना खपून जाणाऱ्या बऱ्याच चुका देवनागरीत उघड्या पडतात, आणि त्या उघड्या पाडते ती शिरोरेषा. नावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी ती एकच सरळ रेघ. फळी अर्धा मिलिमीटर बाकदार असली, तरी रेघ एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक उमटते. म्हणून या कामातली निम्मी मेहनत स्पिंडल (यंत्राचा फिरता भाग) फिरण्याआधीच करावी लागते.

इथे नमुन्यादाखल 450 × 150 मिमीची सागवानी पाटी धरली आहे. मागची जमीन अक्रोडी स्टेनची (स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा रंग), कोरीव अक्षरं क्रीम रंगाची. वर 55 मिमी उंचीत ‘कऱ्हाडे’, खाली 14 मिमीत घर क्रमांक.

फळी

वखारीत एक इंची फळी मागा. दोन्ही बाजूंनी रंधा मारून झाला की सहा सूत, म्हणजे 19 मिमी उरते आणि तेवढी पुरते. कडेला पांढरट पट्टा असलेली फळी घेऊ नका. तिथे स्टेन वेगळाच चढतो आणि कीडही तिथेच आधी लागते. मॉइश्चर मीटर 12 टक्क्यांच्या आसपास दाखवत असेल तर काम सुरू करा. त्याहून ओली असेल तर फळी पट्ट्या लावून, चारी बाजूंनी वारा लागेल अशी घरात रचून ठेवा. पावसाळ्यात कोकणात यासाठी धीर धरावा लागतो.

सरावाला पाइन स्वस्त पडतं, पण त्यावर स्टेन डागाडागांनी चढतो. स्टेनच्या आधी पातळ लाखेचा एक हात दिला की डाग बरेच कमी होतात.

फाइल

कोरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी थेट टाइप करू नका. त्यातल्या काहींना देवनागरीची जुळणी जमत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडलेला राहतो, ‘ऱ्ह’चा अर्धचंद्र गायब होतो. मजकूर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा. ते मोफत आहे आणि जोडाक्षरं नीट लावतं. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते बघा. अनेक फाँटांमध्ये ते मुळात हिंदी वळणाचे येतात. ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये मराठी वळण मिळतं, पण त्याच्या बारीक रेघा लहान आकारात कोरायला अवघड जातात. खालच्या ओळीला ‘मुक्त’सारखा एकसारख्या जाडीचा फाँट बरा.

मजकूर पक्का झाला की ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षरांचे आकार होतात), मग ‘अनग्रुप’ (ते सुटे होतात), मग ‘युनियन’ (ते एकसंध जोडले जातात). यातलं शेवटचं पाऊल सगळ्यात जास्त विसरलं जातं. देवनागरी फाँटात प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. पडद्यावर रेघ सलग दिसते, पण टूलपाथ (बिट फिरण्याचा मार्ग) काढताना जिथे दोन तुकडे चढले आहेत ती जागा सॉफ्टवेअरला भोक वाटते. परिणामी प्रत्येक सांध्यावर लाकडाची एक न कोरलेली पट्टी उभी राहते. ‘युनियन’ केल्यावर आउटलाइन व्ह्यूमध्ये (फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात) बघा: शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ दिसता कामा नये. सगळं ठीक असेल तर एसव्हीजी फाइल काढा आणि ती कोरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

आता खोलीचा हिशेब. व्ही-बिट (टोकाकडे निमुळतं होत जाणारं कोरण्याचं पातं) किती खोल जाणार हे रेघेची रुंदी ठरवते. 60 अंशांच्या बिटला रुंदीच्या 0.87 पट खोली लागते, 90 अंशांच्या बिटला निम्मी. आपल्या नावात सर्वांत जाड रेघ 7 मिमीची धरली तर 60 अंशांच्या बिटने साधारण 6 मिमी. पण जिथे काना शिरोरेषेला मिळतो तिथे जागा मोठी होते आणि बिट सव्वापट खोल उतरतो, म्हणजे सुमारे 7.6 मिमी. फळीत त्याखाली 11 मिमी उरतात, त्यामुळे काळजी नाही. मात्र 6 मिमी व्यासाचा बिट इथे अपुरा पडतो. एवढ्या रुंद खोबणीत त्याची धार संपते आणि दांडा कडेला घासून लाकूड जळतं. 12 मिमी किंवा त्याहून मोठ्या व्यासाचा कार्बाइड बिट घ्या. सागवानात वाळूचा अंश असतो, साध्या स्टीलचा बिट लवकर बोथट होतो.

दोन खोबणींच्या मध्ये सागवानात किमान 2 मिमी लाकूड राहू द्या, पाइनमध्ये 3. ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘ष’ची पोटं यात आधी सापडतात. लहान ओळीत ती जमत नसतील तर फाँट बदला. पाटी महाराष्ट्रातल्या दुकानाची असेल आणि तिच्यावर इंग्रजीही हवं असेल, तर मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. 2022 च्या कायदादुरुस्तीत तसं स्पष्ट आहे. मांडणी करतानाच ते पाळलेलं सोपं.

स्टेन आधी, कोरणं नंतर

उलट क्रमही चालतो: कोरा, रंग भरा, वरचा थर घासून काढा आणि मग स्टेन लावा. पण त्यात खोबणीतून कडेला उतरलेलं सीलर (लाकडाची छिद्रं बंद करणारा थर) स्टेनला आत जाऊ देत नाही आणि प्रत्येक अक्षराभोवती फिकट कड राहते. शिवाय अक्रोडी स्टेन क्रीम रंगावर चढून तो मळकट होतो. दोनरंगी पाटीला स्टेन आधीच द्यावा.

फळी 120 आणि मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा. त्याहून गुळगुळीत केली तर स्टेन फिका बसतो. सागवान तेलकट असतं, म्हणून एनसी थिनरने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) पुसा आणि तेल पुन्हा वर यायच्या आत, त्याच बैठकीत स्टेन लावा. फडक्याने लावून पाच मिनिटांनी जास्तीचा पुसून घ्या. तेलकट स्टेनची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून ठेवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

एक दिवसानंतर पारदर्शक पीयू (पॉलीयुरेथेन) सीलरचे दोन हात, मध्ये 320 पेपरचा हलका हात. मेलामाइन पॉलिश घराच्या आत ठीक, उन्हापावसात ते तडकतं. त्यानंतर दोन दिवस थांबा. इथे घाई केली तर पुढे रंगासाठी चिकटवायचा मास्क सोलताना सीलरही सोबत निघतं.

मास्क आणि कोरणं

रंगकामाची मास्किंग फिल्म (ओरामास्क 813 सर्रास वापरतात) संपूर्ण पृष्ठभागावर लावून रबरी रोलरने जोरात दाबा. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातले चिमुकले तुकडे कोरताना सुटे होतात. ते नीट चिकटले नसतील तर व्हॅक्यूमच ते ओढून नेतो. साधी सेलोटेप नको, तिचा गोंद मागे राहतो.

फळी बेडवर आवळल्यावर चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी टच प्लेटने (बिट टेकला की उंची नोंदवणाऱ्या पट्टीने) उंची मोजा. फरक 0.1 मिमीच्या आत असेल तर पुढे जा. अर्धा मिमी फरक असेल तर 60 अंशांच्या बिटने रेघेच्या रुंदीत सुमारे 0.6 मिमीचा फरक पडतो, 90 अंशांच्याने पूर्ण एक मिमीचा. इथे 60 अंशांचा बिट निवडण्याचं हेही एक कारण. फरक जास्त असेल तर वेस्टबोर्ड (बेडवरचा, फळीखालचा तक्ता) सपाट करून घ्या किंवा फळीखाली कागदाचे तुकडे सरकवा.

लहान राउटरला सुरुवातीसाठी हे आकडे: 16,000 आरपीएम, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला 1,200 मिमी, खाली उतरताना 400, एका फेरीत 3 मिमी. लाकूड काळं पडत असेल तर फीड वाढवा. कडा तुटत असतील तर एका फेरीची खोली कमी करा. काम संपल्यावर फळी न हलवता शेवटची फेरी तशीच पुन्हा चालवा. राहिलेले धागे त्यात निघून जातात. सागाची धूळ घसा आणि कातडी दोन्हींना त्रास देते, त्यामुळे व्हॅक्यूम चालू आणि तोंडावर एन-95 मास्क हवाच. खोबणी कोरड्या टूथब्रशने साफ करा. फळीवरच्या मास्किंग फिल्मवर पॉलिश पेपर फिरवू नका.

खोबणीला लाख, मग रंग

पाटीवरच्या लाकडाच्या रेषा आडव्या असतात. कान्याच्या दोन्ही भिंतींवर त्या कापल्या जातात आणि उघड्या पडलेल्या नळ्यांमधून रंग आडवा शोषला जातो. मास्क कितीही घट्ट असला तरी तो खालून पसरतो आणि कान्याला दोन्हीकडे मिशा फुटतात. शिरोरेषेच्या भिंती रेषांना समांतर, म्हणून तिथे मिशा फक्त दोन टोकांना येतात. उपाय एकच: रंगाआधी खोबणीच्या भिंती बंद करणं.

एक लिटर स्पिरिटमध्ये 120 ग्रॅम मेण काढलेली चपडा लाख रात्रभर विरघळवून गाळून घ्या. मेण असलेल्या लाखेवर पीयू नीट धरत नाही. बारीक ब्रशने दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास. तळाशी लाख साचू देऊ नका. इथे थिनरवालं सीलर नको, त्याने मास्कचा गोंद सुटतो.

रंग बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक चालतो. दोन किंवा तीन पातळ हात द्या. एकाच जाड हातात रंग तळाशी गोळा होतो आणि वरची कड कोरडी राहते. स्प्रे असेल तर बरोबर वरून मारा, तिरका नको. शेवटचा हात बोटाला लागेनासा झाला, पण अजून मऊ आहे, तेव्हा मास्क सोला. साधारण पाऊण ते एक तासाने. टोक पाठीमागे दुमडून सावकाश ओढा. रंग कडक झाल्यावर सोललात तर कडेचा रंग फाटून मास्कबरोबर येतो. पोटातले तुकडे ब्लेडच्या टोकाने उचला. एखादी मिशी आलीच तर दुसऱ्या दिवशी ब्लेडने खरवडा आणि त्या जागी काडीने स्टेन टेकवा.

रंगाला पुरते दोन दिवस द्या, मग सगळ्या पाटीवर बाहेरच्या वापराच्या पीयूचे दोन हात. मागची बाजू आणि कडा यांनाही तेवढेच. फक्त पुढून सीलबंद केलेली फळी मागून ओल घेते आणि पहिल्याच पावसाळ्यात फुगून वाकते.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा. साध्या लोखंडाचा सागवानाशी ओलाव्यात संबंध आला की काळे ओघळ उतरतात, आणि ते पीयूखाली गेल्यावर निघत नाहीत. मागे 8 मिमीचे स्पेसर घालून पाटी भिंतीपासून सुटी ठेवा, म्हणजे पाणी मागे अडकून राहत नाही. लावताना स्पिरिट लेव्हल शिरोरेषेवर धरा, फळीच्या कडेवर नको.