ट्रक शिकायचाय? आधी स्टेअरिंगचे तास मोजा

माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लायसन किती दिवसांत निघेल?" मी उलट विचारतो, "स्टेअरिंग किती तास हातात मिळणार आहे?" हे बहुतेकांनी शिकवणाऱ्याला विचारलेलंच नसतं.

तासांचे आकडे फसवे असतात. युरोपियन युनियनमध्ये पोटासाठी ट्रक चालवायचा तर त्याचा पूर्ण कोर्स 280 तासांचा, पण त्यात शिकणाऱ्याने स्वतः गाडी चालवण्याची सक्ती किमान 20 तासांचीच. भारतात मान्यताप्राप्त केंद्रातला अवजड वाहनांचा कोर्स 6 आठवड्यांत 38 तास, तोही थिअरी धरून. अमेरिकेत 7 फेब्रुवारी 2022 पासून नोंदणीकृत ट्रेनरकडे शिकणं सक्तीचं झालं, तरी किमान तास ठरवलेले नाहीत. ट्रेनरने 'जमतंय' असं लिहून दिलं की झालं. तेव्हा जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा आणि एका गाडीवर किती शिकाऊ बसवतात ते बघा. रोज 4 तास आणि केबिनमध्ये 4 जण, म्हणजे तुमच्या वाट्याला तासभर. बाकीचा वेळ दुसऱ्यांच्या चुका बघण्यात जातो. त्याही कामाच्या असतात म्हणा, पण क्लच बघून येत नाही.

शिकायचे रस्ते तीनच. पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूल, कंपनीचं स्वतःचं ट्रेनिंग, नाहीतर जुन्या पद्धतीने उस्तादाच्या हाताखाली.

मी उस्तादाकडे शिकलो. दोन वर्षं क्लिनर होतो. काचा पुसल्या, टायर बदलले, दोऱ्या आवळल्या, मग कधीतरी रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग मिळालं. इंजिनचा आवाज ऐकून गिअर टाकायला त्या माणसाने शिकवलं, ते कुठल्याच वर्गात मिळालं नसतं. पण त्याची खोडही माझ्यात उतरली. डिझेल वाचतं म्हणून उतारावर तो गाडी न्यूट्रल करायचा, मग मीही करायला लागलो. एकदा लोड भरलेली गाडी आणि लांबलचक उतार. आधी जळका वास आला, मग ब्रेकचं पेडल तळाला टेकलं तरी वेग उतरेना. पुढे चढ आला म्हणून आज हे लिहितोय. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा आणि गाडी इंजिनवर धरायची, म्हणजे वेग ब्रेकऐवजी इंजिनच अडवतं, हे मला त्यानंतर एका ट्रेनरने समजावलं. उस्ताद मिळाला तर जरूर शिका, पण ब्रेक आणि उतार एकदा रीतसर शिकवणाऱ्याकडून तपासून घ्या.

स्कूल निवडायचं असेल तर पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन तासभर उभे राहा. सगळे पुढेच चालवत असतील तर परत फिरा. नवशिक्याचं नुकसान होतं ते मागे घेताना. ट्रेलरचं तर सगळं उलटं: स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपूट उजवीकडे. डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. म्हणून हात स्टेअरिंगच्या तळाशी धरायचा. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला शेपूट जाते. वेग माणूस चालेल त्याहून कमी. आणि शंका आली की थांबून खाली उतरून बघायचं. उतरलं की हसणारा ट्रेनर मला तरी नको.

हवेचे ब्रेक कसे तपासतात तेही तिथेच बघा. हवा पूर्ण भरली, चाकांखाली ठोकळे लावले, इंजिन बंद केलं, पार्किंग ब्रेक सोडला, की पेडल दाबून एक मिनिट धरायचं आणि हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. पेडल दाबल्यावर काटा एकदा खाली येतो, ते ठीक. नंतरही सरकत राहिला तर हवा कुठेतरी निसटतेय. हे रोज सकाळी करून घेणारं स्कूल चांगलं.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. लोड गाडी देणार का? रिकाम्या गाडीवर शिकलेल्याला वळणावरचा माल काय करतो ते ठाऊकच नसतं. आणि गाडी ऑटोमॅटिक की गिअरची? काही देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की लायसनवर तशी अट पडते, मग गिअरची गाडी हातात येत नाही. जमत असेल तर गिअरवरच शिका.

कंपनीच्या ट्रेनिंगला सुरुवातीला खिशातून फारसं जात नाही, नोकरीही बहुधा तिथेच. मोबदल्यात बाँड असतो: ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरा. त्यात तीन ओळी शोधा: रक्कम किती, महिने भरतील तशी ती कमी होते का, आणि कंपनीनेच काढलं तर कोण भरणार. कागद घरी आणू देत नसतील तर सही करू नका. शिकवणारा ड्रायव्हर सोबत किती आठवडे असेल, हेही विचारा. माझ्या पहिल्या कंपनीत तो सोबत होता खरा, पण मी चालवायला बसलो की मागच्या बर्थवर झोपायचा. त्याला सांगायला हवं होतं, की तुम्ही जागे असाल तरच मी चालवतो. मी गप्प बसलो. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा.