चैत्राच्या हळदीकुंकवासाठी करवंटीतलं रोप

चैत्रगौर मांडल्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कोकणात आज या घरी, उद्या त्या घरी हळदीकुंकू असतं. भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आंब्याची डाळ, पन्हं हे सगळं होतंच. संक्रांतीसारखं वाण लुटायची पद्धत चैत्रात नाही, पण येणाऱ्या बाईच्या हातात घरी केलेल्या करवंटीच्या कुंडीतलं एखादं रोप ठेवलं तर ते प्लास्टिकच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस तिच्या अंगणात राहतं. अट एकच: रोपाने मुळं धरलेली हवीत. आदल्या दिवशी खोचलेली काडी हिरवी दिसते खरी, पण एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत मान टाकते आणि घेणारीला वाटतं, आपल्याच हाताला यश नाही. म्हणून सुरुवात होळीला करायची. होळी पौर्णिमेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत साधारण ४७-४८ दिवस मिळतात, आणि खाली दिलेल्या तिन्ही झाडांना तेवढे पुरतात.

करवंटी

गोल, जाड करवंटीचा नारळ निवडा. आपल्याकडचा बाणवली यासाठी उत्तम. लांबट नारळाची करवंटी पुढे कलंडत राहते. शेंडी फोडण्याआधी काढू नका.

कुंडीसाठी डोळ्यांकडचा अर्धा भाग घ्यायचा. नारळाला तीन डोळे असतात. त्यातले दोन पक्के बंद असतात आणि तिसरा मऊ असतो, कारण कोंब तिथूनच बाहेर येतो. शेंडी काढल्यावर तिन्ही डोळ्यांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा, एक लगेच आत जातो. तेच कुंडीचं पाणी जायचं भोक. ड्रिल लागत नाही आणि करवंटी तडकायची भीती नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाला डोळाच नसतो, त्याला भोक पाडावं लागतं. तो भाग डाव करायला किंवा चुलीसाठी ठेवा.

फोडताना डोळे वरच्या बाजूला धरा आणि नारळाच्या बरोबर मध्यावर न मारता बोटभर खाली मारा. त्यामुळे डोळ्यांकडचा भाग खोल मिळतो. कोयत्याच्या पाठीने हलके ठोके द्यायचे, प्रत्येक ठोक्यानंतर नारळ थोडा फिरवायचा. एकाच जागी जोरात घाव घातला की करवंटीचे तीन तुकडे होतात. दोन-तीन फेऱ्यांत ‘टक्’ आवाज बदलून बद्द येऊ लागला की चीर गेली म्हणून समजा, आणि खाली पातेलं धरा.

खोबरं खवणीवर खवून झालं तरी आत पातळ थर राहतोच. करवंट्या दोन दिवस कडक उन्हात ठेवा, थर आकसून सुटतो, मग सुरीच्या बोथट बाजूने उपसून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. खोबरं राहिलं तर मातीत बुरशी धरते, मुंग्या लागतात, आणि रात्री उंदीर येऊन रोपासकट करवंटी पालथी करतो.

बाहेरचे केसर आधी ८० नंबरच्या, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. फडक्याला चमचाभर खोबरेल लावून बाहेरून पुसलं की करवंटी काळीभोर चकचकीत होते. आतून तेल, रंग, व्हार्निश काहीही नको.

टांगायची असेल तर काठापासून १ सेंमी खाली ४ मिमीची तीन भोकं पाडा. काठाच्या जास्त जवळ गेलात तर ओली माती भरल्यावर वजनाने तो कोपरा तुटतो. तिन्हींमध्ये सारखं अंतर हवं असेल तर काठाभोवती दोरा गुंडाळून घ्या, तो तिहेरी दुमडा आणि त्या मापाने खुणा करा. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही. बारीक सुंभाचे ६० सेंमीचे तीन तुकडे बाहेरून आत ओवून आतल्या बाजूला गाठ मारा.

टेबलावर ठेवायची असेल तर खाली चुंबळ हवी. नारळाचं सोडण रात्रभर पाण्यात भिजवून काथ्या सुटा करा, वेणीसारखा पीळ द्या, वाटीच्या तोंडाएवढं कडं करा आणि सुंभाने आवळा. डोळ्याचं भोक चुंबळीच्या मधल्या मोकळ्या जागेवर यायला हवं.

माती

करवंटीत जेमतेम २०० ते २५० मिली माती मावते. दहा करवंट्यांना तीन लिटर मिश्रण भरपूर होतं. एवढ्याशा जागेत नुसती तांबडी माती भरली की दोन पाण्यांत तिचा वर पापुद्रा धरतो, पाणी काठावरून ओघळतं आणि मुळं कोरडीच राहतात. जांभ्याच्या मातीचा हा स्वभावच आहे. म्हणून चाळलेली तांबडी माती दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, धुतलेला काथ्याचा भुसा एक भाग असं घ्या. शेणखत कुजलंय की नाही हे वासावरून कळतं: पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा, गोठ्याचा वास येत असेल तर अजून दोन महिने थांबा. कच्चं खत तापतं आणि कोवळी मुळं जाळतं.

काथ्याचा भुसा घरचा असो की विकतच्या कोकोपीटची वीट, धुतल्याशिवाय वापरू नका. त्यात क्षार असतात, शिवाय तपकिरी रस सुटतो. बादलीत भिजवा, पिळा, पाणी ओता. चहासारखं पाणी येणं थांबेपर्यंत, म्हणजे तीन-चारदा हे करावं लागतं.

समुद्राची किंवा खाडीची वाळू घालण्याचा मोह किनाऱ्यावरच्या घरांना फार होतो, दारातच असते ना! पण तिच्यातलं मीठ एकदोन धुण्यात पुरतं जात नाही आणि पानांच्या कडा करपतात. वाळू घालायचीच तर नदीची, ओंजळभर.

तळाशी खडी घालू नका. करवंटीत आधीच जागा कमी, त्यातली पाव खडीत जाते. डोळ्याच्या भोकावर काथ्याचा छोटा बोळा ठेवा, पाणी जातं आणि माती राहते.

कोणतं झाड

चिनी गुलाब, म्हणजे ज्याला पुष्कळजण ऑफिस टाइम म्हणतात, ते सर्वांत सोपं. मुळं उथळ, ऊन आवडतं, एखादं पाणी चुकलं तरी चालतं. ७-८ सेंमीच्या काड्या तोडा, खालची पानं काढा, सावलीत अर्धा दिवस पडू द्या म्हणजे कापलेलं तोंड सुकतं. मग एका करवंटीत तीन काड्या दोन बोटं खोल लावा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात, तीनेक आठवड्यांत फुलं येतात. पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर काड्या नुसत्या लांबत जातात आणि कळी धरत नाही. पडवीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवून फुलांची वाट पाहू नका.

पानओवा हा दुसरा. भजीला होतो, खोकल्याच्या काढ्याला होतो, त्यामुळे घेणारी खूश. १० सेंमीचा शेंडा, बाकी कृती तीच. दोनेक आठवडे लागतात. याला मारतं ते पाणीच: देठ खालून काळा पडून मऊ झाला की तो वाचत नाही. वरचा चांगला शेंडा कापून नव्या मातीत लावा.

अबोलीला मात्र जपावं लागतं, आणि भेट म्हणून तिच्या तोडीचं दुसरं नाही. पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या फुलांचा वळेसर त्या घरच्या केसांत असेल. बियांपासून केली तर फुलाला चार-पाच महिने लागतात, म्हणून या कामाला काडीच घ्या. दिल्ली अबोलीला तर बी धरतच नाही, तिथे दुसरा मार्गच नाही.

काडी ८-१० सेंमीची, तीन-चार पेरांची असावी. अगदी कोवळी हिरवी नको, लाकूड झालेलीही नको. वाकवली तर लवावी, पण लोळागोळा होऊ नये. पेराच्या लगेच खाली धारदार ब्लेडने कापा, कारण मुळं पेरातूनच फुटतात. कणीस असेल तर खुडून टाका, मन घट्ट करून. फूल ठेवलं तर काडी सगळी ताकद तिकडेच घालवते. वरची दोन पानं ठेवा, ती मोठी असतील तर अर्धी कापा, आणि दोन पेरं मातीत जातील अशी लावा.

अबोलीच्या काड्या थेट करवंटीत लावू नका. आइस्क्रीमच्या जुन्या डब्याला खाली पाच-सहा भोकं पाडा, तेच मिश्रण भरा आणि चार बोटांच्या अंतराने काड्या लावा. दहा भेटी द्यायच्या तर पंधरा-सोळा काड्या लावा, काही मरणारच. डबा सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि अकरानंतर सावली येईल अशा जागी ठेवा. काड्यांवर प्लास्टिकची पिशवी घालायची पद्धत घाटावरच्या कोरड्या हवेत ठीक आहे. आपल्याकडे हवेतच पुरेसा दमटपणा असतो, पिशवीत काडी उकडून निघते.

तीन-चार आठवड्यांनी काडी दोन बोटांत धरून अगदी हलकी ओढून पाहा. अडली तर मुळं धरली. नवं पान फुटलं म्हणजे मुळं आलीच असं नाही, काडीतल्या साठ्यावरही पान फुटतं. चमच्याने मातीसकट उचलून करवंटीत बसवा, दोन दिवस पूर्ण सावलीत ठेवा, आणि देण्याआधी किमान पंधरा दिवस तिथेच वाढू द्या.

घरात साधी अबोली असेल तर बीही जमवून ठेवा. तपकिरी झालेली कणसं कागदी पिशवीत घाला. सावलीत वाळल्यावर एक बोंड वाटीतल्या पाण्यात टाका आणि वाटीवर लगेच फडकं टाका. क्षणभर काही होत नाही, मग बोंड ‘टिच्’ करून फुटतं आणि बिया फडक्यावर आदळतात. मुलांना हे दाखवाच. त्या बिया पावसाच्या तोंडावर पेरायला होतील.

मोगरा करवंटीत लावू नका. त्याला दहा इंची कुंडी लागते. आणि सोडणावर बांधायला म्हणून रानातली सीतेची वेणी, म्हणजे झाडांवर वाढणारं ऑर्किड, तर मुळीच ओरबाडू नका. झाडावरून काढलेली बहुतेक जगत नाही, आणि तिथे पुन्हा यायला वर्षं लागतात. ऑर्किड द्यायचंच तर रोपवाटिकेतलं घ्या.

देईपर्यंतची राखण

करवंटी फार लवकर सुकते. मार्चमध्ये सकाळी एकदा, एप्रिलमध्ये अबोलीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. अंदाज वजनावरून घ्या: करवंटी उचला, हलकी लागली तर पाणी. खाली डोळ्यातून थेंब पडेपर्यंत घाला आणि थांबा. बशीत पाणी साठू देऊ नका.

समुद्राकडून सुटणाऱ्या वाऱ्याबरोबर खार येतो आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. आठवड्यातून दोनदा विहिरीच्या गोड्या पाण्याने पानं धुवा, सकाळीच. करवंट्या जमिनीवर ठेवू नका, चुंबळीला वाळवी लागते. चिऱ्यावर किंवा कठड्यावर ठेवा.

कोवळ्या शेंड्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर ओल्या कापसाने पुसून काढा. जास्त असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून ऊन उतरल्यावर फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

देताना वेष्टण म्हणून केळीचं सोप, म्हणजे खोडाचा सुटणारा थर, वापरा. वाळलेल्या सोपाच्या पट्ट्या काढून दहा मिनिटं पाण्यात भिजवा, नाहीतर गाठ मारताना तुटतात. पट्टीला एक चिठ्ठी अडकवा: झाडाचं नाव, ऊन किती, पाणी किती. आणि अबोली असेल तर एक ओळ हमखास लिहा: ‘मे अखेरीस आठ इंची कुंडीत हलवा.’ करवंटी ही तिची तात्पुरती जागा आहे, मुळं डोळ्यातून बाहेर डोकावू लागली की उशीर करू नये. नवी कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये, हेही लिहा. कौलांवरून पडणाऱ्या धारेने मुळांजवळची माती वाहून जाते आणि उरलेलं झाड कुजतं. चिनी गुलाबाला पावसाळाभर पडवीच्या कठड्यावरच ठेवायला सांगा.

ज्यांना रोपं करायला वेळच उरला नाही, त्यांनी हळदीचं बियाणं द्यावं. एक-दोन डोळे असलेले ४०-५० ग्रॅमचे दोन गड्डे, थोड्या कोरड्या राखेत घोळवून कागदात गुंडाळायचे. मेमध्ये अंगणाच्या कडेला चार-पाच सेंमी खोल, वीतभर अंतरावर लावायचे आणि वर पालापाचोळा घालायचा. डोळा वरच्या बाजूला. श्रावणात पातोळ्यांना आणि गणपतीत मोदकांखाली घालायला घरची पानं मिळतात. एका झाडाची सगळी पानं मात्र तोडू नयेत, दोन-तीन ठेवावीत, नाहीतर खाली हळद पोसत नाही.